परीक्षेचा दात

मावशींनी आ केला आणि सोवळीने दोन मास्कच्या आत श्वास रोखून धरला.

एवढं तिला चार वर्षांत जमलं होतं. तोंड उघडलं की पहिली वाफ येते. ती जाऊ द्यायची आणि मगच आरसा आत घालायचा. मेसच्या मावशींच्या तोंडातून आधी पेपरमिंटचा वास आला आणि त्याला बाजूला सारत मागून तो दुसरा, शिळा, आंबूस, किंचित गोडसर. खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटणाची पिवळी भिंत उभी होती. जीभ इतकी कोरडी की आरसा तिला चिकटला आणि सुटताना चट्कन आवाज झाला.

"सगळेच दात गेलेत का गं पोरी?" आरसा तोंडात असतानाच मावशींनी विचारलं.

"बोलू नका, मावशी. चावाल मला."

मावशी आतल्या आत हसल्या. त्या हसण्याची ऊब मास्कपर्यंत आली. सोवळीने मान वळवली, जणू ट्रेमधलं काहीतरी शोधतेय.

वर्गात तिला सगळे सोवळीच म्हणत. तोंडावर दोन मास्क, हातात मोज्यांचे दोन जोड, आणि दवाखान्यातून परतल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही शिवायची नाही म्हणून. दंतवैद्यकाला प्रवेश घेताना तिच्या डोळ्यांसमोर दात होते: पांढरे, कोरडे, देखणे. त्या दातांभोवती तोंड असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लाळ असते, पू असतो, दाढेच्या फटीत परवाच्या जेवणाचा तुकडा असतो, आणि ते सगळं ओढून घेणारी सक्शनची बाटली संध्याकाळी कुणीतरी रिकामी करायची असते. पहिल्या महिन्यात ती बाटली तिच्या वाट्याला आली, तेव्हा ती तशीच मोरीवर ओणवी होऊन ओकली होती. तेव्हापासून तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पदवी पदरात पडली की सूक्ष्मदर्शकाच्या विभागात जायचं. तिथे माणसाचं तोंड काचपट्टीवर येतं, पातळ कापलेलं, रंगवलेलं, बिनवासाचं. मधे फक्त हे शेवटचं वर्ष होतं.

त्या आठवड्यात प्रत्येकाला वीस माणसांचे दात तपासून फॉर्म भरायचे होते. एकोणीस झाले होते. विसाव्या मावशी. त्या मेसच्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या होत्या, कुणीतरी आपले दात बघतंय याचंच त्यांना अप्रूप.

"दोन जेवणांच्या मधे काय खाता?" सोवळीने फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

"कुठलं खाणं? शंभर जणींचं करता करता भूक मरते. ही एक गोळी असते गालात." त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडून पेपरमिंटच्या पाच-सहा गोळ्या दाखवल्या. "रक्तदाबाचं औषध सुरू झाल्यापासून तोंडाला सारखी कोरड. गोळी ठेवली की बरं वाटतं."

"दिवसातून किती?"

"मोजतंय कोण? एक विरघळली की दुसरी."

सोवळीचा पेन थांबला. दोनच दिवसांपूर्वी कॉलेजने विद्यार्थ्यांचीच परीक्षा घेतली होती. तोंडाची स्वच्छता, आहार आणि दातांची कीड याबद्दल भावी दंतवैद्यांना किती कळतं ते पाहायला तीस प्रश्न. सतरावा प्रश्न होता: गोड किती खाल्लं याने जास्त फरक पडतो, की किती वेळा खाल्लं याने? तिने बरोबर खूण केली होती. तिला तिसापैकी तीस मिळाले होते. तिची खोलीतली जोडीदारीण, जिला पोक्त बोलण्यामुळे सगळे काकू म्हणत, तिला अठ्ठावीस. निकाल लागला तेव्हा दोघी कँटीनमध्ये चहात क्रीमची बिस्किटं बुडवत होत्या, आणि काकू म्हणाली होती, "काल रात्री दात न घासता झोपलेल्यांनी हात वर करा." अख्खं टेबल हात वर करून हसलं होतं.

फॉर्मच्या तळाशी ओळ होती: रुग्णास दिलेला सल्ला. ती भरायच्या आधी एक्स-रे बघायचा होता.

एक्स-रेमध्ये खालच्या डाव्या दाढेच्या बाजूला, शेजारच्या दाताला टेकते तिथे, एक करडा त्रिकोण होता. नखाच्या टोकाएवढा. तो दाताच्या वरच्या कठीण थरातच होता, आत उतरलेला नव्हता. अशा डागाला मशीन लावत नाहीत. गोड थांबवलं, औषधाचा लेप लावला, की तो आहे तिथेच थांबतो. कधी कधी मागेही फिरतो.

आणि दाढ किती सुरेख होती. अखंड, सरळ, समोरचे-शेजारचे दात शाबूत. सोवळीने फिल्म उजेडासमोर धरली आणि ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

शेवटच्या परीक्षेला अशीच दाढ लागते. पेशंट आपला आपण आणायचा. कीड दोन दातांच्या मधे हवी, आतल्या थरात शिरलेली हवी, पण नसेपर्यंत पोचलेली चालत नाही. दवाखान्यात येणाऱ्यांच्या दाढा एक तर धडधाकट नाहीतर पार भुगा झालेल्या. म्हणून वर्षभर सगळे माग काढत फिरत. एकीचा पेशंट दुसरीने पळवला म्हणून मुलींच्या वसतिगृहात दोघींचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. मागच्या साली एकीचा पेशंट परीक्षेच्या सकाळी आलाच नाही; तिचे सहा महिने गेले. आणखी सहा महिने तोंडं.

दहा महिने होते हातात. कोरडं तोंड, दिवसभर गालात गोळी. हिशेब अवघड नव्हता.

"काय दिसतंय गं?" मावशींनी विचारलं.

"एक बारीक डाग आहे. काळजीचं काही नाही. मी लक्ष ठेवते."

"मग गोळ्या चालतील ना?"

सोवळी फॉर्मवर वाकली. रुग्णास दिलेला सल्ला, या ओळीपुढे तिने लिहिलं: दिला.

"चालतील," ती म्हणाली.

*

मावशींनी ही गोष्ट सगळ्या मेसला सांगितली. ही पोरगी माझ्या दातावर लक्ष ठेवून असते, म्हणायच्या. सोवळीच्या ताटात त्या करपलेला तुकडा जाऊ देत नसत. तिला आवडत नाही म्हणून तिच्या आमटीवरचा तेलाचा तवंगसुद्धा डावाने बाजूला सारून वाढत. ती पानावर बसे, आणि मावशींच्या गालातला तो फुगवटा एका बाजूकडून दुसरीकडे जाताना तिला दिसे. गोळी दातावर आपटल्याचा टक् असा आवाज येई. मग ती ताटातून नजर वर काढत नसे.

चौथ्या महिन्यात तिने पुन्हा एक्स-रे काढला. त्रिकोण वाढला होता, पण अजून उंबऱ्यावरच होता. परीक्षकाने असा दात बघितला असता तर पेशंटला घरी पाठवलं असतं आणि तिलाही.

सुट्टीवरून परतताना तिने घरच्या शहरातल्या दुकानातून गोळ्यांचा एक डबा घेतला. रंगीत पत्र्याचा, आत कडक, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या. घरून येताना सगळेच काही ना काही आणतात, असं तिने स्वतःला सांगितलं. काकूने डबा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि अंथरूण झटकायला घेतलं. झटकून झाल्यावर म्हणाली, "कुणासाठी गं?"

"मावशींसाठी."

"बरं," काकू म्हणाली, आणि त्या दिवसानंतर तिने सोवळीला तिचा पेशंट कोण हे कधी विचारलं नाही. वर्गात बाकी सगळे विचारत होते.

मावशींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "माझ्यासाठी?" त्यांनी दोनदा विचारलं. वीस वर्षांत शेकडो मुली येऊन गेल्या, पण गावाहून माझ्यासाठी म्हणून कुणी काही आणलं नव्हतं, म्हणाल्या. लगेच एक गोळी तोंडात टाकली आणि एक तिच्यापुढे धरली.

सोवळीने ती घेतली. खोलीवर येऊन कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि हात धुतले. एकदा, मग पुन्हा एकदा.

सातव्या महिन्यात मावशी तिला जिन्यात भेटल्या. गालावर हात होता. "गोड लागलं की कळ येते गं तिथे. थंड पाण्यानेही."

सोवळीला आधी आनंद झाला. कीड आत उतरली होती. तो आनंद तिला छातीत सरळ, लख्ख कळला, आणि त्याच्या पाठोपाठ तोंडात आंबट पाणी आलं.

"आता भरून टाकू," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी. मोठे डॉक्टर असतील तपासायला. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका हं, मावशी. उगाच कुणीतरी काहीतरी करून ठेवेल."

"तुझ्याशिवाय कुणाला दाखवणार मी?"

*

परीक्षेच्या दिवशी मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. धुतलेली साडी, घट्ट बांधलेले केस, हातावर हळदीचे जुने डाग. सोवळीने भूल दिली. ओठ जड झाल्यावर तोंडावर रबराचा निळा पडदा ताणून बसवला. त्याच्या छिद्रातून फक्त ती दाढ आणि तिचा शेजारी वर आले. आता तोंड दिसत नव्हतं. नेहमी याच क्षणी तिला हायसं वाटे. ओठ नाहीत, जीभ नाही, वास नाही, निळ्या कापडावर ठेवल्यासारखे दोन दात. पडद्याच्या वर मावशींचे डोळे होते, दिव्याकडे लागलेले.

तिने मशीन चालवलं. वरचा थर पांढरा, कडक होता, आणि मग एकदम टोक आत गेलं. आत पोकळी होती, बाहेरून वाटेल त्याच्या तिप्पट. चमच्यासारखं हत्यार घालून तिने पहिला थर उचलला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी तपकिरी कीड पापुद्र्यांनी निघाली, ओली, मऊ, आणि तिच्याबरोबर तो वास. रबराने काही थांबलं नाही. तिने चमचा कापसाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. कापसाचा बोळा तपकिरी होत गेला. यातला एकही पापुद्रा दहा महिन्यांपूर्वी नव्हता. लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात; तिने ही कीड पाळली होती. हे मनात आलं आणि तिला मान बाजूला करून दात आवळावे लागले.

"झालं का?" बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे होते. उंच, वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वाकून आरशात पाहिलं. "छान. थोडक्यात वाचली नस. केस कुठे मिळाली?"

"आमच्या मेसच्या मावशी आहेत, सर."

त्यांनी फाइल उघडली आणि तीन एक्स-रे ओळीने उजेडात धरले. "दहा महिन्यांपूर्वी तर हा थांबवता आला असता."

"हो, सर."

"इथे लिहिलंय, सल्ला दिला. काय दिलात? मला पुस्तकातलं नको. त्यांना जसं सांगितलंत, तसं, त्यांना कळेल असं सांगा."

सोवळीने दिव्याच्या दांड्याकडे पाहिलं. वाक्यं तयारच होती. तिसापैकी तीस मिळवणाऱ्या मुलीला ती शोधावी लागणार नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या दाढेवर डाग आहे, पण अजून भोक पडलेलं नाही. गोळी केवढी आहे याला महत्त्व नाही, ती दिवसातून किती वेळा तोंडात येते याला आहे. एक गोळी विरघळली की पुढे अर्धा तास दातावर आम्ल राहतं. तुमच्या तोंडाला औषधामुळे कोरड आहे, त्यामुळे ते धुऊन जात नाही. अर्ध्या तासाच्या आत तुम्ही दुसरी गोळी घेता, म्हणजे दिवसभर दात आम्लातच. गोळ्या बंद करा. कोरड पडली की पाण्याचा घोट घ्या. जवळ बाटली ठेवा. रात्री झोपताना दात घासा. मी औषधाचा लेप लावते. एवढं केलंत तर डाग आहे तिथे थांबेल. मशीन लावायची वेळच येणार नाही."

एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पडद्याच्या वरचे डोळे दिव्यावरून हलले होते. ते तिच्याकडे आले आणि तिथेच राहिले. त्यांत राग नव्हता. एखादं भांडं गळतंय का ते बघायला उजेडासमोर धरावं, तसे ते बघत होते. मावशींचं तोंड रबराने ताणून उघडं ठेवलेलं होतं आणि त्यांना काही बोलता येत नव्हतं.

"उत्तम," परीक्षक म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "भरा दाढ."

तिने दाढ भरली. तासाभराने परीक्षक पुन्हा आले तेव्हा पडदा निघालेला होता, मावशी चूळ भरत होत्या. बधिर ओठाच्या कोपऱ्यातून पाणी हनुवटीवर ओघळत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. सोवळीने कागदी रुमाल पुढे केला. मावशींनी तो न घेता पदराने तोंड पुसलं.

"काय हो बाई," परीक्षक मोठ्याने म्हणाले, "या पोरीने एवढं समजावून सांगितलं, तरी गोळ्या सोडल्या नाहीत? सांगितलं होतं ना हिने?"

ट्रेमधली हत्यारं आवरत असलेले सोवळीचे हात जागीच राहिले. पलीकडच्या खुर्चीपाशी उभी असलेली काकू वळून बघत होती.

मावशींनी चूळ थुंकली. "शांगितलं होतं," त्या म्हणाल्या. बधिर जिभेवर शब्द घसरत होते. "मीच ऐकलं नाही."

"हे असंच असतं," परीक्षक सोवळीला म्हणाले. "आपण घसा कोरडा करायचा."

ती जिन्यापर्यंत मावशींच्या मागे धावत गेली. "मावशी, मला..." एवढंच तिला म्हणता आलं.

"गाल बधिर आहे," मावशी कठडा धरून सावकाश उतरत म्हणाल्या. "आता बोलवत नाही."

*

निकाल लागला. प्रात्यक्षिकात सोवळी पहिली आली होती. घरून फोन आला, दादाने पेढे वाटले म्हणून सांगितलं. पेढे हा शब्द ऐकताच तिने फोन दुसऱ्या कानाला धरला. मेसमध्ये ती जेवायला जात होती, पण अर्धं ताट तसंच राही. मावशी सगळ्यांना वाढत तसंच तिलाही वाढत होत्या. आमटीवर आता तेलाचा तवंग असे.

सामान बांधायच्या दिवशी खालच्या वर्गातली एक मुलगी खोलीवर आली. दारातच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"ताई, तुमच्या त्या पेशंट... शेजारच्या दातावर काही आहे का हो? सर म्हणत होते, सुंदर केस होती. एक्स-रे दिलात तर मी आत्तापासूनच धरून ठेवीन."

काकू पलंगावर पुस्तकं बांधत होती. तिने दोरीची गाठ मारली आणि वर पाहिलं नाही.

होतं. परीक्षेच्या एक्स-रेत सोवळीने ते पाहिलं होतं. भरलेल्या दाढेला टेकणाऱ्या शेजारच्या दातावर तसाच एक करडा त्रिकोण, नखाच्या टोकाएवढा.

"काही नाहीये," ती म्हणाली. "तोंड साफ आहे त्यांचं."

मुलगी गेल्यावर तिने बॅगेतून आरसा काढला, लेपाची बाटली घेतली आणि ती खाली गेली. मास्क घेतला नाही, हे तिला स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं.

मावशी पाटावर बसून पालेभाजी निवडत होत्या. शेजारी पाण्याची बाटली होती. सोवळी बोलायला शब्द जुळवत असताना त्यांनी बाटली उचलली, एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. गालात काही नव्हतं.

"मावशी," सोवळी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "शेजारच्या दातावर सुरुवात आहे. अगदी बारीक. मशीन नको, सुई नको. हा लेप लावला की थांबेल. पाच मिनिटं लागतील. आत्ताच लावते."

मावशींनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं. "फोटोत दिसलं?"

"हो."

"कधी?"

"परीक्षेच्या वेळी." मग तिने सांगून टाकलं, "त्याच्या आधीच्या फोटोतही पुसट होतं."

मावशींनी जुडीची माती झटकली. जवळून त्यांच्या श्वासाचा वास येत होता. त्यात पेपरमिंट नव्हतं, नुसतंच तोंड होतं. सोवळीने मान वळवली नाही.

"आता कुणाची परीक्षा आहे, ताई?" मावशींनी विचारलं.

"कुणाचीच नाही. खरंच नाही, मावशी."

मावशींनी मान डोलावली, जशी कुणाच्याही बोलण्याला डोलावतात तशी. त्यांचे ओठ मिटलेले होते. सोवळी आरसा हातात धरून बसून राहिली, आणि मावशींनी पुढची जुडी सोडायला घेतली.